ध्वनिमुद्रिका विकण्यापूर्वीं

ज्यांच्या कपाटांत पोथ्या आणि दप्तरें आहेत त्यांच्यापुढें गाण्याच्या तबकड्यांचा विषय मांडणें प्रथमदर्शनीं अप्रस्तुत वाटेल. परंतु गेल्या वैशाखांत आमच्या जुन्या वाड्याच्या पुनर्बांधणीमुळें मला दोन खोल्यांच्या सदनिकेंत बिऱ्हाड हालवावें लागलें, आणि चाळीस वर्षांत जमविलेल्या ६४० तबकड्यांपैकीं निदान ४०० काढून टाकणें प्राप्त झालें. कोणत्या ठेवाव्या व कोणत्या विकाव्या हें ठरवितांना जी रीत अखेर उपयोगी पडली ती पोथ्यांच्या प्रतिपरीक्षेचीच होय. म्हणून ती येथें नमूद करीत आहें.

तबकड्या मुख्यतः दोन जातींच्या. एक, मिनिटास ७८ आवर्तनें घेणारी, लाखेची व ठिसूळ. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचें गायन मावतें. दुसरी व्हिनाइलची, मिनिटास तेहतीस व एकतृतीयांश आवर्तनें घेणारी. ही १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें बाजारांत आणली व तिच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटें मावतात. माझ्यापाशीं पहिल्या जातीच्या १२०, दुसऱ्या जातीच्या ५२०. विक्रीचा प्रश्न मुख्यत्वें दुसऱ्यांचाच, कारण व्हिनाइलला हल्लीं पुन्हां गिऱ्हाईक मिळूं लागलें आहे.

प्रथम मीं जुन्या बाजारांतील एका व्यापाऱ्यास घरीं बोलाविलें. त्यानें अर्ध्या तासांत १९७० नंतरच्या हिंदी चित्रपटांच्या तबकड्या वेगळ्या काढून त्यांस अपेक्षेबाहेर भाव सांगितला. नाट्यसंगीत, भजन व कीर्तन यांचे गठ्ठे तो वजनावर नेण्यास तयार होता. त्याचा त्यांत कांहीं अपराध नाहीं. पण त्याच्या भावावरून संग्रहाची प्रतवारी लावूं नये, हें मला त्याच वेळीं उमगलें. किंमत वस्तूच्या दुर्मिळतेवर चढते. ध्वनीच्या दुर्मिळतेशीं तिचा संबंध असेलच असें नाहीं. बीटल्स या इंग्रज गायकांचें उदाहरण घ्या. त्यांचीं गाणीं १९६० नंतरच्या दशकांत कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यांतून ७८ आवर्तनांच्या तबकड्यांवर निघालीं. बहुतेक देशांत ती जात तोंवर मागें पडली होती. त्यामुळें परदेशी संग्राहक या तबकड्यांसाठीं मोठी रक्कम मोजतात. तरी त्यांपैकीं एखादी उद्यां फुटली तर जगांतून एक सूरही नाहींसा होणार नाहीं. उलट वजनावर चाललेल्या गठ्ठ्यांतील एखाद्या कीर्तनकाराचा आवाज दुसरीकडे कोठेंच नसेल.

तेव्हां पहिला प्रश्न असा कीं, हातांतील तबकडी मूळ प्रत आहे कीं प्रतिलिपि? लेबलावरचा विक्रीक्रमांक म्हणजे पोथीच्या रुमालावर घातलेलें नांव. त्यावर फार विसंबूं नये. लेबल आणि गाण्याचे चर यांच्यामध्यें जी गुळगुळीत पट्टी असते तींत साच्याचा क्रमांक कोरलेला असतो. तबकडी तिरप्या उजेडांत धरून भिंगानें तो वाचावा. त्याच्या शेवटीं जोडलेला अंक पुष्कळदां त्याच ध्वनीवरून कितवा साचा कोरला हें दाखवितो. ७८ च्या कांहीं तबकड्यांत गायन कितव्या वेळचें घेतलें हें त्यावरून कळतें. माझ्यापाशीं एकाच गायिकेच्या दोन तबकड्या होत्या. वेष्टनें निराळीं, विक्रीक्रमांक निराळे. मी वीस वर्षें त्या दोन स्वतंत्र कृति समजत होतों. भिंगाखालीं दोहींचा साचा एकच निघाला. एक त्याच दिवशीं विक्रीच्या पेटींत गेली.

याच्या उलट चूक मीं पूर्वीं एकदां केली आहे, व ती सांगितल्यावांचून हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं. सुमारें पंचवीस वर्षांमागें एका जुन्या गवयाच्या सात लाखेच्या तबकड्या मीं विकल्या. त्यांतील सर्व चिजा एका नव्या व्हिनाइलच्या तबकडीवर एकत्र आल्या होत्या. मग जुन्या, खरखरणाऱ्या प्रती कशाला, असा माझा विचार. आतां, आरंभींच्या काळांतील ध्वनिमुद्रणांत एक विशेष असे. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गनें कलकत्त्यास गौहरजान वगैरेंचें गायन मुद्रित केलें. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार व्हावयाच्या. तेथील कामगारांस गाणें कोणाचें तें समजावें म्हणून गाणारीनें शेवटीं स्वतःचें नांव इंग्रजींत उच्चारावें, असा प्रघात पडला. पुढें कांहीं वर्षें इतरांच्या तबकड्यांवरही अशी नाममुद्रा आढळते. पोथीच्या अंतीं लेखकाची पुष्पिका असते तशीच ही होय. माझ्या सातांपैकीं तीन तबकड्यांवर ती होती. नव्या तबकडीवर मात्र ती तिन्ही ठिकाणीं छाटलेली, आणि एका चिजेचा आरंभींचा तंबोराही गेलेला! हें मला विक्रीनंतर चार महिन्यांनीं कळलें. घेणाऱ्याचा पत्ता मीं लिहून ठेवला नव्हता. पुष्पिका गाळून पोथीची नक्कल करणाऱ्यास आपण काय म्हणतों तें वाचकांस ठाऊक आहे. पण मूळ पोथी रद्दींत घालणारा मीच होतों.

म्हणून जुन्या ७८ च्या ध्वनीवरून सिद्ध केलेलें संकलन विकण्यास हरकत नाहीं, मात्र मूळ तबकड्या घरांत वा एखाद्या संस्थेंत असल्या पाहिजेत. जें गायन मुळांतच दीर्घ तबकडीसाठीं झालें त्याची गोष्ट निराळी. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांच्या तरुणपणच्या तबकड्या तीन मिनिटांच्या. उतारवयांतील विस्तृत ख्याल व्हिनाइलवर आला, आणि तेथें ती तबकडीच मूळ प्रत ठरते. तींतील ध्वनि पुढें दुसऱ्या साधनावर निघाला असल्यास वेष्टनाची पाठ वाचावी. साथीदारांचीं नांवें तेथें असतात आणि नव्या आवृत्तींत पुष्कळदां तींच गळतात.

घरोघर असेल, असें म्हणून आपण ज्या वस्तू टाकतों त्यांचा भरंवसा नसतो. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांची भैरवी १९७७ मध्यें व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीसाठीं निवडली गेली, तेव्हां मूळ ध्वनिमुद्रिका मिळविण्यास सायास पडले. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, टेबलाखालीं धूळ खात पडलेल्या खोक्यांत तिच्या तीन प्रती सांपडल्या.

स्थितीविषयीं थोडेंच सांगतों. चावीच्या ग्रामोफोनाच्या पोलादी सुईखालीं एकदां जरी वाजली तरी व्हिनाइलची तबकडी गेली म्हणून समजावें. अशा प्रतीस कोणी भाव देत नाहीं. मऊ प्लास्टिकच्या पिशवींत वर्षानुवर्षें राहिलेलीवर धुरकट पापुद्रा येतो. लाखेची तबकडी स्पिरिटनें कधीं पुसूं नये, लाख विरघळते. परंतु एकमेव साक्षी असलेली तबकडी तडकली तरी ठेवावी. वाळवीनें खाल्लेली एकमेव पोथी आपण टाकीत नाहीं. विकावयाच्या प्रत्येक तबकडीचा साच्याचा क्रमांक, दोन्ही बाजूंवरील मजकूर, वेष्टनाची पाठ आणि घेणाऱ्याचें नांव वहींत उतरून घ्यावें. मला या कामास दोन महिने लागले.

याप्रमाणें व्हिनाइलच्या ३८८ तबकड्या गेल्या. चित्रपटांच्या बहुतेक सर्व, व्यापाऱ्याच्याच भावानें. लाखेची एकही दिली नाहीं. ठरविल्यापेक्षां बारा कमी भरल्या. त्या बारांत बालगीतांची एक आहे. तीनदां पुनर्मुद्रित झालेली, ओरखडलेली, कोणत्याही कसोटीस न उतरणारी. तिच्या वेष्टनावर माझ्या मुलीनें पांचव्या वर्षीं पेन्सिलीनें हत्ती काढलेला आहे, तेव्हां तिला हस्तलिखितांत धरावें.

नाट्यपदांच्या एका तबकडीचा निर्णय मात्र अद्याप झालेला नाहीं. तिच्या दोन प्रती मजपाशीं आहेत. लेबल तेंच, विक्रीक्रमांक तोच, वेष्टन तेंच. पण दुसऱ्या बाजूच्या साच्याच्या अंतीं एकीवर १ व दुसरीवर ३ हा अंक आहे, आणि दुसरी प्रत चार सेकंद अधिक वाजते. कान देऊन कितीदां ऐकलें तरी हीं चार सेकंदें कोठें आहेत तें मला सांपडत नाहीं. नाट्यपदांच्या तबकड्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं आपापल्या प्रतींवरील साच्याचे अंक पाहून असा भेद आढळल्यास मंडळाच्या पत्त्यावर कळवावें; तोंवर मी दोन्ही प्रती विकीत नाहीं.