स्थूलतेचे मोजमाप : स्त्री आणि पुरुष

स्थूलतेची चर्चा आपल्याकडे बहुधा स्त्रीदेहाभोवती फिरते. याचे एक कारण मोजमापाच्या इतिहासात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९८-९९ मध्ये प्रौढांची उंची व वजन प्रथम नोंदले गेले, तेव्हा वजनकाट्यावर केवळ विवाह झालेल्या स्त्रिया उभ्या राहिल्या. पुरुषांची पाळी २००५-०६ मध्ये आली. स्त्रीला आधी मोजले ते प्रामुख्याने माता म्हणून, हे ध्यानात ठेवूनच पुढील आकडे वाचावे लागतात.

उंचीचा (मीटरमधील) वर्ग करून त्याने वजनास (किलोग्रॅममधील) भागले असता येणारा देहभार निर्देशांक २५ वा अधिक असल्यास व्यक्ती अतिवजन वा स्थूल गणली जाते. १५ ते ४९ वयोगटात २००५-०६ मध्ये अशा स्त्रिया १२.६ टक्के, तर पुरुष ९.३ टक्के होते. २०१९-२१ मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे २४ व २२.९ टक्के झाले. स्त्रियांचे प्रमाण दुपटीजवळ गेले, पुरुषांचे जवळजवळ अडीचपट झाले. तफावत घटली ती अशी. तिला प्रगती म्हणणे धाडसाचे ठरेल.

शिवाय २०१९-२१ मध्येच कृश स्त्रिया १८.७ टक्के व कृश पुरुष १६.२ टक्के आढळले. म्हणजे उपासमार आणि स्थूलता या दोन्ही टोकांना स्त्रियाच अधिक आहेत. ‘भारतीय स्त्री’ असा एकवचनी उल्लेख येथे निरुपयोगी ठरतो. ग्रामीण भागात अतिवजन स्त्री-पुरुषांच्या प्रमाणातील अंतर अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. शहरांत मात्र स्त्रिया ३३.२ टक्के व पुरुष २९.८ टक्के. देशपातळीवरील अंतर मुख्यतः नागर आहे.

बाळंतपणानंतर स्त्रीचे ‘अंग सुटते’, मध्यमवयीन पुरुषाचे ‘पोट सुटते’, अशी आपली बोलण्याची रीत. देहभार निर्देशांकाला हा भेद कळत नाही. चरबी कोठे साठली हे तो सांगत नाही. २०१९-२१ मध्ये कंबर व नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तरही काढण्यात आले. स्त्रियांसाठी ०.८५ व पुरुषांसाठी ०.९० ही धोक्याची मर्यादा धरली असता ५६.७ टक्के स्त्रिया आणि ४७.७ टक्के पुरुष तीत आले. निर्देशांकाने जे अंतर एका टक्क्यावर आणले होते, ते मोजपट्टीने नऊ टक्क्यांवर नेले.