शंभर टक्के : एका जपानी खेळाचे उद्यापन

व्हिडिओ गेम खेळणाऱ्या माणसाला घरचे आणि शेजारचे एकच प्रश्न विचारतात, ‘जिंकलास का?’ क्रिकेट, कॅरम, बुद्धिबळ यांना तो लागू पडतो, कारण तिथे समोर कोणीतरी हरायला बसलेला असतो. प्रस्तुत लेख ज्या खेळाविषयी आहे, त्यात असा प्रतिस्पर्धीच नाही. कथा आहे, गाव आहे, माणसे आहेत, आणि करण्यासारख्या शेकडो लहानमोठ्या गोष्टी आहेत. तो जिंकता येत नाही, पूर्ण करता येतो.

खेळाचे नाव ‘याकुझा: लाइक अ ड्रॅगन’. याकुझा म्हणजे जपानमधल्या संघटित गुन्हेगारी टोळ्या. नाव भीतीदायक असले तरी प्रकृतीने हा खेळ विनोदी आहे. सेगा कंपनीच्या ‘र्‍यू गा गोतोकू’ स्टुडिओने तो १६ जानेवारी २०२० रोजी जपानमध्ये आणला आणि नोव्हेंबरात तो इतरत्र आला. मुख्य कथा पन्नासेक तासांत संपते. त्यातले सगळे करायचे म्हटले तर साधारण दुप्पट वेळ लागतो. बोईसरला राहून, पाळीच्या नोकरीतल्या सुट्ट्या आणि पावसाळ्यातल्या वीज जाण्याच्या वेळा सांभाळत, मी तो शंभर टक्के पूर्ण केला. हे सांगण्यात मर्दुमकी नाही. जगभरात हजारो लोक हे करतात. ते का करतात, हा मात्र विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आधी या प्रकाराची थोडी पूर्वपीठिका. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ निघाला. खेळणाऱ्याने एखाद्या योद्ध्याची किंवा जादूगाराची भूमिका घ्यायची, अनुभवाचे गुण मिळवायचे, पायरी पायरीने बलवान व्हायचे. तो पुढे संगणकावर आला आणि तिथून जपानने उचलला. युजी होरी यांनी रचलेला, अकिरा तोरियामा यांनी चितारलेला आणि कोइची सुगियामा यांनी संगीत दिलेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८६ मध्ये आला. होरींनी किचकट आकडेमोड पडद्याआड ढकलली आणि शाळकरी मुलालाही समजेल असा खेळ केला. एक वार तुमचा, एक वार शत्रूचा, अशी पाळीपाळीची लढाई. शत्रू कसले, तर हसऱ्या चेहऱ्याचा निळा चिखलाचा थेंब. १९८८ साली या मालिकेचा तिसरा भाग आला तेव्हा जपानमध्ये दुकानांबाहेर लांबच लांब रांगा लागल्या. त्या भागाचा नायक सोळाव्या वाढदिवशी घराबाहेर पडतो. तेव्हापासून अशा खेळांचे नायक बहुधा पोरसवदाच राहिले.

‘लाइक अ ड्रॅगन’चा नायक इचिबान कासुगा बेचाळीस वर्षांचा आहे. इचिबान म्हणजे पहिल्या क्रमांकाचा. टोळीतल्या वरिष्ठाच्या सांगण्यावरून न केलेला खून अंगावर घेऊन तो २००१ मध्ये तुरुंगात जातो आणि अठरा वर्षांनी सुटतो. बाहेर त्याची वाट पाहणारे टोळीतले कोणी नाही. ज्याला बापासारखा मानले, तोच त्याला गोळी घालतो. शुद्धीवर येतो तेव्हा तो योकोहामात बेघरांच्या वस्तीत असतो आणि परवाना गमावलेल्या नान्बा नावाच्या परिचारकाने त्याचा जीव वाचवलेला असतो. नंतर नोकरीवरून काढलेला, साठीला टेकलेला पोलीस आदाची आणि बार चालवणारी साएको त्यांना मिळतात. हे आपले वीर.

यात विनोद कुठे आला? इचिबान लहानपणापासून ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा भक्त. त्यामुळे त्याला जग तसेच दिसते. रस्त्यावरचा दारुडा लढाई सुरू होताच त्याच्या कल्पनेत विचित्र पोशाखातला राक्षस होतो. जमिनीत रुतलेली, काटेरी तार गुंडाळलेली बेसबॉलची बॅट तो पवित्र तलवारीसारखी उपसतो. या मालिकेतल्या आधीच्या मुख्य भागांत हाणामारी सरळसरळ होती. पाळीपाळीच्या लढाईची चित्रफीत स्टुडिओने १ एप्रिल २०१९ ला ‘एप्रिल फूल’ म्हणून दाखवली होती, आणि नंतर खरोखरच तसा खेळ केला.

मला सर्वांत जास्त रेंगाळावेसे वाटले ते ‘हॅलो वर्क’पाशी. हे जपानमधल्या सरकारी रोजगार कार्यालयांचे खरेखुरे नाव. आपल्याकडे ज्याला पूर्वी सेवायोजन कार्यालय म्हणत, तशातले. अशा खेळांत पात्रांचे ‘जॉब’ असतात : योद्धा, पुरोहित, चोर. ते बदलायला एरवी एखाद्या मंदिरात जावे लागते. इथे इचिबान आणि त्याचे मित्र हॅलो वर्कच्या खिडकीपाशी जातात आणि आचारी, गायक, बांधकामावरचा मुकादम, ज्योतिषी असा जॉब घेऊन बाहेर पडतात. मुकादमाचे हत्यार घण, आचाऱ्याचे सुरी. पुढे एरी नावाची तरुणी गटात येते, तिचा जॉब कारकुनाचा आणि शस्त्रे टेबलावरच्या स्टेशनरीची.

आता नियम पाहा. जॉब बदलला की त्या कामात तुम्ही पहिल्या पायरीवर जाता, पण माणूस म्हणून तुमची मूळ पातळी कमी होत नाही. आधीच्या कामातली काही कौशल्ये कायमची तुमच्याजवळ राहतात. जुन्या कामाकडे परतलात तर जिथे सोडले होते तिथूनच सुरुवात. एकही वार, एकही दिवस फुकट जात नाही.

तारापूर औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्याला हा नियम वाचून थांबावे लागते. रसायने, औषधे, कापड, पोलाद अशा कारखान्यांच्या या पट्ट्यात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले आणि जव्हार, विक्रमगडकडून उतरलेले लोक काम करतात. मोठा हिस्सा कंत्राटी. ठेकेदार बदलला की नव्या वहीत कामगार पुन्हा नवा होतो. दहा वर्षे रिअ‍ॅक्टरवर काढलेला माणूस आणि कालच गाडीतून उतरलेला पोरगा नाक्यावर एकाच भावाने उभे राहतात. अनुभव हाताला असतो, कागदावर नसतो. दिवसभर काम करून आलेली आमच्या चाळीतली मुले रात्री मोबाइलवर पुन्हा पातळ्या चढण्याचे ‘काम’ का करतात, याचे थोर लोकांना आश्चर्य वाटते. मला ते फारसे वाटत नाही. तिथे निदान हजेरी नीट लागते.

जपानशी आमच्या भागाचा परिचय सध्या बुलेट ट्रेनपुरता आहे. बोईसर हे त्या मार्गावरचे एक नियोजित स्थानक, आणि जपान म्हटले की अचूक, चकचकीत, वेगवान देश एवढेच डोळ्यांसमोर येते. या खेळातले योकोहामा त्या चित्रात बसत नाही. त्यातले इसेझाकी इजिनचो हे गाव काल्पनिक असले तरी योकोहामाच्या इसेझाकी-चो भागावरून घेतलेले आहे. तिथून जवळच कोतोबुकी-चो ही रोजंदारी मजुरांची खरी जुनी वस्ती आहे. बंदराच्या कामासाठी आलेले मजूर तिथल्या खोपटवजा खोल्यांत राहत आणि तिथेच म्हातारे झाले. खेळात एक संघटना ‘शहर स्वच्छ करा’ म्हणत बेघरांवर, परदेशी स्थलांतरितांवर, रात्रीच्या धंद्यातल्या बायकांवर तुटून पडते. कायद्याच्या कडेला जगणाऱ्यांचा हा करडा पट्टा पुसून टाकला तर त्यातली माणसे जाणार कुठे, हा कथेचा गाभा आहे. चेष्टामस्करीच्या खेळात असा प्रश्न येतो आणि तो उपदेश न होता येतो, हे मला त्याचे मोठे यश वाटते.

आता पूर्णत्वाकडे. सापशिडीत शंभराव्या घरात पोचलो की खेळ संपतो, वाटेतल्या किती घरांत पाय पडला याला महत्त्व नसते. शंभर टक्के पूर्ण करणे याच्या उलट, म्हणजे प्रत्येक घरात पाय ठेवून येणे. कथा संपली तरी पन्नासहून अधिक उपकथा उरतात. सायकलवरून रिकामे डबे गोळा करायचे. धंदेशिक्षण शाळेत इतिहासापासून सेगा कंपनीच्या माहितीपर्यंतच्या परीक्षा द्यायच्या. सिनेमागृहात झोप न येऊ देता सिनेमा पाहायचा. बुडीत निघालेले मिठाईचे दुकान वर आणायचे. या दुकानाच्या नोकरांत ऑम्लेट नावाची एक कोंबडी आहे, आणि भागधारकांच्या सभेत सगळे उपाय थकले की मनःपूर्वक माफी मागणे हे एक अस्त्र आहे. सर्वांत अवास्तव भागही हाच. काही तासांत बेघर माणूस कोट्यधीश होतो आणि पुढे पैशाची चिंता राहत नाही. खेळणाऱ्यांत हाच भाग सर्वांत लाडका, यात नवल नाही.

जपानी खेळाडूंकडे यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. शेवट गाठला की ‘कुरिआ’, म्हणजे इंग्रजी ‘क्लिअर’. सर्व वस्तू गोळा झाल्या की ‘कोम्पु’, म्हणजे ‘कम्प्लीट’. आणि शेवटानंतरही आत शिरून तळ गाठेपर्यंत करत राहणे ते ‘यारिकोमी’. पहिले दोन शब्द उसने, तिसरा अस्सल जपानी. मराठीत यारिकोमीला जवळचा शब्द शोधताना मी खेळांच्या बाजूला गेलो नाही, व्रतांच्या बाजूला गेलो. सोळा सोमवार झाले तरी सतराव्या सोमवारी उद्यापन केल्याशिवाय व्रत पुरे होत नाही. अष्टविनायकाची यात्रा मोरगावला सुरू करून आठही झाले की पुन्हा मोरगावला येण्याची रीत आहे. जपानमध्ये शिकोकू बेटावर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची सुमारे बाराशे किलोमीटरची परिक्रमा आहे. प्रत्येक ठिकाणी वहीत शिक्का घेत जायचे. शेवटच्या मंदिराशी होते ते ‘केचिगान’, म्हणजे संकल्पाची पूर्ती, आणि त्यानंतर कित्येक यात्रेकरू आभार मानायला कोया पर्वतावर जातात. शिक्क्यांनी भरलेली वही आणि पडद्यावरची भरलेली यादी यांत फरक आहेच, पण शेवटची चौकट रिकामी ठेवून निजणे जड जाते ती कळ एकच.

ही कळ व्यापाऱ्यांनाही ठाऊक आहे. एक्सबॉक्सने २००५ मध्ये आणि प्लेस्टेशनने २००८ मध्ये अशा कामगिरीची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली. तिथवर ठीक होते. पुढे जपानमधल्या मोबाइल खेळांत ‘कोम्पु गाचा’ आला. पैसे भरून सोडतीसारख्या वस्तू काढायच्या आणि ठरावीक संच पूर्ण झाला तरच दुर्मीळ बक्षीस मिळवायचे. संच पुरा व्हायला एकच नग उरला की माणूस खिसा रिकामा करतो. अखेर २०१२ साली जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने हा प्रकार बेकायदा ठरवला. अपुरेपणाची रुखरुख हा विक्रीचा माल होऊ शकतो, हे एका सरकारने कायद्याच्या भाषेत मान्य केले.

‘लाइक अ ड्रॅगन’मध्ये अशी सोडत नाही, तरी शेवटचा टप्पा कंटाळवाणा आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. कथेनंतर उघडणाऱ्या उंच मनोऱ्यात मजल्यामागून मजले तेच शत्रू मारत जावे लागते. त्यासाठी पातळी वाढवायला तासन् तास भुयारी गटारात फेऱ्या माराव्या लागतात. तिथे विनोद आटतो, योकोहामा दिसेनासे होते आणि उरतात आकडे. पाळीतल्या शेवटच्या दोन तासांसारखेच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या खेळात दयाळूपणालाही गुण आहेत. कोणाला मदत केली की ‘दया’ वाढल्याची सूचना झळकते. शंभरीच्या मागे लागले की एखाद्या म्हातारीचे रडगाणे भराभर पुढे ढकलून बक्षिसाकडे पळण्याचा मोह होतो. आणि बेघरपणा हाही इथे एक ‘जॉब’ आहे, ज्याचा धनी कबुतरे सोडून लढतो. कोतोबुकी-चोच्या खोलीत एकटा मेलेल्या मजुराला त्यात हसू आले असते का, सांगता येत नाही.

तरीही या खेळाला झुकते माप द्यावेसे वाटते ते उपकथांमुळे. घाईने कथा संपवणाऱ्याला यातली निम्मीअधिक माणसे भेटतच नाहीत. ती गल्लीच्या टोकाला, पुलाखाली, बंद दुकानाशी उभी असतात आणि त्यांच्याशी बोलल्याने मुख्य कथेचे पान हलत नाही. रिकामे डबे वेचणारा म्हातारा आपल्या कामातले बारकावे मोठ्या अभिमानाने समजावतो. यादी पूर्ण करायची म्हणून का होईना, तिथवर जावे लागते, थांबावे लागते आणि ऐकून घ्यावे लागते. खैरा फाटकाजवळून मी वर्षानुवर्षे जातो. तिथे भंगार तोलणाऱ्याचा काटा कोणत्या हातात असतो, हे मी यंदा पाहिले.

सर्व चौकटी भरल्यावर खेळ काय करतो? काही नाही. एक ट्रॉफी झळकते, आणि तुम्ही पुन्हा त्याच रस्त्यावर उभे असता. दारुडे त्याच कोपऱ्यावर असतात, दुकान उघडे असते, सायकल घेऊन डबे गोळा करायला अजूनही जाता येते, पण आता नोंदवायला जागा नसते. या मालिकेचा पुढचा भाग २६ जानेवारी २०२४ रोजी आला. त्याच्या सुरुवातीला इचिबान हॅलो वर्कमध्येच दिसतो, या खेपेला खिडकीच्या आतल्या बाजूला. टोळी सोडलेल्या माणसांना कामे मिळवून देणे हे त्याचे काम आहे. इंटरनेटवर त्याची खोटी बदनामी होते, नोकरी जाते, आणि खेळ सुरू होतो.