कडेनं जा, पण किती कडेनं?

“कडेकडेनं जा गं, आणि पोहोचलीस की फोन कर!” मुलीनं जिन्याखालून सायकल काढली की घराघरातून हीच सूचना ऐकू येते. मुलगी नववीत, संध्याकाळचा क्लास दोन चौक पलीकडे. ती वळणाआड जाईपर्यंत आई गॅलरीत उभी. आईची काळजी खोटी नाही. आपल्या देशात दरवर्षी काही हजार सायकलस्वार रस्त्यावर प्राण गमावतात. पण तिचा सल्ला मात्र अर्धाच बरोबर आहे.

रस्त्याच्या अगदी कडेला असतं तरी काय? सुटी खडी, खचलेली चेंबरची झाकणं, पावसाळ्यात पाण्याखाली दडलेले खड्डे आणि उभ्या केलेल्या मोटारी. कडेला चिकटून चाललेल्या मुलीसमोर यातलं काही आलं की ती ऐनवेळी उजवीकडे वळते. मागचा गाडीवाला मग म्हणतो, “एकदम मध्येच आली हो!” त्याचंही खोटं नसतं. त्याला ती आधी दिसलेलीच नसते.

म्हणून सायकल डांबराच्या कडेपासून दीड-दोन हात आत, सरळ रेषेत चालवावी. उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना तर पुरतं मीटरभर अंतर हवं, कारण दार उघडलं की जवळजवळ तेवढंच बाहेर येतं. दोन मोटारींमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, हे तर नकोच. (मोटारीत बसणाऱ्यांनीही एक सवय लावून घ्यावी. उजव्या बाजूचं दार डाव्या हातानं उघडावं. मान आपोआप मागे वळते आणि येणारी सायकल दिसते.)

गल्ली इतकी अरुंद असेल की मोटारीला अंतर राखून पुढे जाताच येणार नाही, तर तेवढा पट्टा मधून चालवावा आणि रस्ता रुंद झाला की बाजूला होऊन साइड द्यावी. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. आपल्याकडे हॉर्नचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी मागे आहे’ एवढाच असतो. दचकून हँडल फिरवणं जास्त धोक्याचं. अर्थात हे शहरातल्या संथ रस्त्यांपुरतं. भरधाव हायवेवर साइडपट्टीच बरी.

बसच्या डावीकडे नको

सगळ्यात मोठा धोका चौकात असतो. सिग्नलला बस किंवा ट्रक उभा असतो, डावीकडे सायकलपुरती फट दिसते आणि मुलं सुळकन आत घुसतात. ड्रायव्हर उजवीकडे, उंचावर बसलेला. त्याच्या डाव्या दाराखालचा भाग त्याला दिसतच नाही. त्यातच गाडी डावीकडे वळली की मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, ती कडेला कापत आतून येतात. तेव्हा फट कितीही मोकळी दिसो, मागेच थांबावं. मुलांना सांगायला खूण सोपी आहे : आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही.

हात दाखवून अवलक्षण नव्हे!

उजवीकडे वळायचं असेल तर वळणाच्या बऱ्याच आधी मान वळवून मागे पाहावं. नुसतं मागे पाहण्यानंही गाडीवाल्याला कळतं, की हिच्या मनात काहीतरी आहे. नजरानजर झाली, वेग कमी झाला, की उजवा हात आडवा, सरळ आणि क्षणभर तरी स्थिर धरावा. मनगट हलवून केलेली चुटपुटती खूण कुणाला समजत नाही. जागा मिळाली तरच हळूहळू मध्ये यावं. न मिळाल्यास कमीपणा कसला? डावीकडे थांबावं, उतरावं आणि झेब्रा पट्ट्यांवरून सायकल हातात धरून चालत जावं. हळू करायचं असेल तर उजवा हात पसरून, तळवा खाली ठेवून वर-खाली करावा.

मात्र एका हातानं सायकल तोलता आली पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, म्हणजे खूण करताना डाव्या हाताशी मागचा ब्रेक उरतो. हँडलला डब्याची पिशवी लोंबकळत असेल तर तोल जाणारच. ती कॅरियरला बांधावी.

तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. बिहारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. सायकल हाती आली, पण रहदारीत ती कुठे आणि कशी चालवायची हे शिकवायला सहसा कुणी बसत नाही.

दोन-तीन रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, बाबांनी आपली सायकल घेऊन मुलीच्या मागे राहावं. क्लासच्या वाटेवरचं प्रत्येक वळण तिला घ्यायला लावावं आणि मागून फक्त विचारावं, “आता मागे कोण आहे?” सुरुवातीला ती चिडेल. चौथ्या-पाचव्या वळणावर मागे न विचारताच उत्तर येईल, “पांढरी मोटार, बाबा. थांबलीय ती.”