नवं हृदय बसवलेलं लेकरू घरी येतं तेव्हा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले आणि एका ताईंनी विचारलं, "आमच्या नात्यातल्या पोराचं हृदय बदललं. आता बरं झालं ना ते? मग रोज एवढ्या गोळ्या कशाला?" प्रश्न एकीचा, पण बाकीच्या सगळ्याही माझ्याकडेच बघत होत्या. म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली मुलगी आहे. कुठली गोळी किती द्यायची हे इथे सापडणार नाही, ते त्या मुलाच्या रुग्णालयानेच सांगायचं.

लहान मुलांचं हृदय बदलायची वेळ बहुधा दोन कारणांनी येते. एक तर जन्मापासून हृदयाच्या रचनेत मोठा दोष असतो. नाहीतर हृदयाचा स्नायूच कमजोर होऊन फुगतो आणि रक्त पुढे ढकलेनासा होतो. बाकी सगळे उपाय करून झाले की मग प्रत्यारोपण. आपल्या देशात पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं. म्हणजे हे काही कालपरवाचं काम नाही.

आता त्या ताईंचा प्रश्न. आपल्या शरीराला आपलं कोण, परकं कोण हे बरोबर कळतं. पायात काटा मोडला की भोवती पू होतो, कारण शरीर त्या परक्या वस्तूवर तुटून पडतं. नवं हृदय कितीही चांगलं असलं तरी शरीराच्या हिशेबी ते परकंच, आणि दहा वर्षांनीही परकंच. म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती औषधं देऊन मुद्दाम दाबून ठेवावी लागते. टॅक्रोलिमस हे त्यातलं नेहमीचं औषध. बहुतेक मुलांना ते दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने असतं. ताप गेला की गोळ्या बंद, ही आपली सवय इथे चालत नाही. मूल हसतंय, खेळतंय म्हणून औषध थांबवलं तर शरीर हृदयावर हल्ला करतं, आणि सुरुवातीला बाहेरून काही दिसतही नाही. म्हणूनच मूल ठणठणीत असतानाही इको काढतात, आणि मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून बारीक नळी घालून हृदयाचा कणभर तुकडा तपासायला घेतात.

तेव्हा सकाळी आठ आणि रात्री आठ ठरलं असेल तर लग्न असो, जत्रा असो, वीज गेलेली असो, आठ म्हणजे आठ. मोबाईलचा गजर लावा आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही औषध द्यायला शिकवा, आई एक दिवस आजारी पडूच शकते. डोस चुकला किंवा उलटीत पडला तर आपल्या मनाने दुप्पट देऊ नका, रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकांना फोन करून विचारा. रक्त तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर द्यायची असते, आधी दिली तर रिपोर्ट चुकीचा येतो. तालुक्याच्या मेडिकलात हे औषध दरवेळी मिळेलच असं नाही. डबी तळाला जायच्या आधी मागवा, आणि दुकानदाराने "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

आता एक गोष्ट आपल्या घरातल्या आजींना समजावून सांगावी लागेल. करोनापासून गुळवेलीचा काढा घरोघरी गेला. प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून माणसं प्रेमाने देतात. पण या मुलाची प्रतिकारशक्ती आपण पैसे खर्चून कमी ठेवलेली असते! तिथे काढा, भस्म, जडीबुटी काहीही द्यायचं नाही. गणपतीत घरी येणारं पपनसही नाही. त्याने रक्तातलं औषध प्रमाणाबाहेर वाढू शकतं. अंगदुखीची, तापाची गोळीही शेजारून आणायची नाही, काही वेदनाशामक गोळ्या या औषधाबरोबर मूत्रपिंडाला त्रास देतात. ताप शंभरच्या वर जायला लागला तर सकाळपर्यंत वाट न बघता फोन करायचा. सुस्ती, जेवण नको म्हणणं, पोटात दुखणं, सारख्या उलट्या, दम लागणं, पायावर किंवा डोळ्यांभोवती सूज, हेसुद्धा त्याच दिवशी कळवायचं.

मूल घरी आलं की अख्खा गाव बघायला येतो. माया असते, पण पहिले काही महिने हीच माया महागात पडते. दारात कुणीतरी ठामपणे उभं राहून "बाहेरूनच बघा, हात धुवा, सर्दी असेल तर नंतर या" म्हणायला हवं. सून हे बोलली तर उद्धट ठरते. गटातल्या दोघीतिघींनी ही जबाबदारी घेतली तर तिच्यावर बोल येत नाही. घरात कुणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल तर आधी टीबीची तपासणी करून घ्या. पाणी उकळून, दूध तापवून, जेवण ताजं आणि गरम. उघड्यावरची कापलेली फळं, कच्चं अंडं नको. शेणाचं सारवण, गोठा, उकिरडा, मळणीची धूळ यापासून मुलाला लांब ठेवा. हे सगळं जन्मभर इतकं कडक नसतं, डॉक्टर हळूहळू मोकळीक देतात. पण ती त्यांनी द्यायची.

काही औषधांनी चेहरा गोल होतो, भूक वाढते, काहींनी हात थरथरतात. "काय बाळसं धरलंय!" असं मुलीला तोंडावर म्हणू नका. मोठ्या मुली तर अशा बोलण्याने गुपचूप गोळ्या टाकून देतात, हा खरा धोका आहे.

छातीचं हाड जुळेपर्यंत, साधारण दोन महिने, मुलाला काखेत धरून उचलायचं नाही, पाण्याची कळशी किंवा जड दप्तर द्यायचं नाही. त्यानंतर मात्र खेळायला हवंच. नवं हृदय बसवताना रक्तवाहिन्या जोडतात, पण मेंदूकडून येणाऱ्या नसा जोडता येत नाहीत. म्हणजे फोनची तार तुटलेली, निरोप माणसाबरोबर पाठवायचा, तसं. पळायला लागलं तरी हृदयाचे ठोके जरा उशिरा वाढतात, आणि थांबल्यावर उशिरा खाली येतात. म्हणून एकदम धावायचं नाही. आधी पाच-दहा मिनिटं चालायचं, मग पळायचं, थांबतानाही हळूहळू. बसल्या जागीही ठोके इतर मुलांपेक्षा जास्त असतात, त्याला घाबरू नका. कबड्डीसारखा अंगावर पडायचा खेळ विचारूनच.

शाळा बहुधा तीन महिन्यांच्या आसपास सुरू करता येते. मला विचाराल तर परवानगी मिळाली की एक दिवसही जास्त घरी ठेवू नका. घरी बसलेलं मूल स्वतःला आजारीच समजायला लागतं. शाळेत जाण्याआधी वर्गशिक्षकांना भेटा, औषधाच्या वेळा आणि रुग्णालयाचा नंबर एका कार्डावर लिहून द्या. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी कळवायला सांगा. इथे बाकी आयांचीही साथ लागते. "देवी आली" म्हणून झाकून ठेवू नका, तुमच्या एका फोनवर त्या मुलाचा इलाज वेळेत होऊ शकतो. गोवराच्या लसीसारख्या जिवंत लसी अशा मुलाला देत नाहीत. पोलिओ रविवारी त्याला तोंडावाटे डोस नाही, आणि त्याच्या भावंडांना द्यायच्या आधीही विचारायचं. आशाताईंना हे आधीच सांगून ठेवा.

पैशाचं थोडक्यात. ऑपरेशनसाठी मुख्यमंत्री सहायता निधीतून मदत मागता येते. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना औषधांसाठी मदतीची तरतूद राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात आहे. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना गाठा. एसटीचं तिकीट आपलं अर्धं झालं तरी मुंबई-पुण्याच्या फेऱ्या, तिथलं राहणं, बुडालेली मजुरी हे चालूच राहतं. गटाचं अंतर्गत कर्ज आणि ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी अशाच वेळेसाठी आहे. ठराव करताना महिना अडू देऊ नका, गोळ्या थांबत नाहीत.

आणि हो, "कुणाचं हृदय आहे? कुठल्या जातीचं?" हा प्रश्न गावात येतोच. दात्याचं नाव गुप्त ठेवतात. हृदय रक्त ढकलणारा पंप आहे, त्यातून ना जात येते ना स्वभाव. पण मूल स्वतः कधीतरी रात्री आईला हेच विचारतं. तेव्हा उडवून लावू नका. एका कुटुंबाचं माणूस गेलं, त्या दुःखातही त्यांनी हे हृदय द्यायचं ठरवलं, एवढं खरं सांगा. मग ते रडलं तर रडू द्या, आणि आठची गोळी द्या.