दुकानाची फळी भरली, शेताचे काय?

२०१८च्या आधीही शहरातल्या किराणा दुकानात नाचणीची बिस्किटे मिळत, पण ती बहुधा घरात कुणाला मधुमेह असला तर नेली जात. ज्वारी-बाजरी पोत्यात असे; गिऱ्हाईक ती नेऊन, निवडून, चक्कीवर दळून आणी. आज त्याच दुकानात ज्वारीचे पोहे, बाजरीचा खाकरा, नाचणीच्या शेवया, इडली-डोशाची तयार पिठे आणि मुलांसाठी नाचणीचे गोड, कुरकुरीत खाऊ एका ओळीत मांडलेले दिसतात. या सात-आठ वर्षांत अन्नउद्योगाने काय कमावले आणि काय हातचे घालवले, याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे.

या धान्यांची घसरण एका रात्रीत झालेली नव्हती. १९६०च्या सुमारास महाराष्ट्रात ज्वारीखाली सुमारे ६० लाख हेक्टर जमीन होती. हरितक्रांतीने गहू आणि तांदूळ वाढवला, रेशनवर तोच स्वस्तात मिळू लागला, खरिपात सोयाबीन शिरले आणि पाणी पोचले तिथे ऊस उभा राहिला. १९७२च्या दुष्काळात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरीवर दिवस काढलेल्या पिढीला तर भाकरीबरोबर टंचाईही आठवे. घरच्यांना भाकरी आणि पाहुण्याला पोळी, हे अनेक घरांत ठरूनच गेले. याला अपवाद उपासाच्या भगरीचा. भगर म्हणजे वरी, तेही भरडधान्यच. पण तिच्यावर गरिबीचा शिक्का कधी बसला नाही. नाशिकच्या भगर गिरण्या वर्षानुवर्षे चालल्या, कारण एकादशीला आणि नवरात्रात गिऱ्हाईक भगर मागणारच, याची खात्री होती. ज्या धान्याला ताटात पक्की जागा असते ते टिकते, हा धडा तिथे कधीपासून तयार होता.

१० एप्रिल २०१८ रोजी केंद्र सरकारने ज्वारी, बाजरी, नाचणी आणि त्यांच्या भावंडांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ असा दर्जा दिला. ते वर्ष राष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले. त्याच हंगामात नाचणीचा हमीभाव क्विंटलला १,९०० रुपयांवरून २,८९७ रुपयांवर आणि संकरित ज्वारीचा १,७०० रुपयांवरून २,४३० रुपयांवर गेला. मग करोना आला. घरात अडकलेली माणसे आपण काय खातो याकडे निरखून पाहू लागली आणि पिठेही मोबाइलवरून मागवू लागली. मार्च २०२१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरवले. २०२१मध्येच टाटा समूहाच्या कंपनीने बंगळुरूची सोलफुल विकत घेतली आणि नाचणीच्या न्याहारीमागे मोठे भांडवल उभे राहिले. २०२२मध्ये भरडधान्याच्या पदार्थांसाठी ८०० कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना आली. डिसेंबरमध्ये संसदेत खासदारांना भरडधान्यांचे जेवण वाढले गेले आणि २०२३च्या अर्थसंकल्पातून या धान्यांचे ‘श्री अन्न’ हे नाव घरोघरी पोचले.

एवढा गाजावाजा झाल्यावर खरी कसोटी कारखान्यात लागली. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नाही. म्हणूनच भाकरीचे पीठ गरम पाण्याने मळावे लागते आणि थापताना हात सराईत नसेल तर कडा चिरतात. गव्हाच्या यंत्रावर हे पीठ जसेच्या तसे चालत नाही. बाजरीची अडचण आणखी वेगळी. तिच्या दाण्यात स्निग्धांश बराच असतो आणि दाणा फुटला की त्यातले विकर त्यावर काम सुरू करतात. आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होते. आपल्या आज्या बाजरी थोडी थोडी दळून आणत, त्याला हेच कारण. कारखान्याला मात्र पाकीट काही महिने टिकवायचे असते. ज्यांनी दळण्याआधी दाण्याला वाफ देऊन वाळवण्याची, भाजण्याची किंवा पोहे करून विकण्याची वाट धरली, त्यांचा माल टिकला. ज्यांनी नुसते पीठ भरून पाकिटावर शेताचे चित्र छापले, त्यांच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकले नाही.

दुसरी कसोटी प्रामाणिकपणाची होती आणि तिथे उद्योग कमी पडला, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोत्साहन योजनेत पदार्थात वजनाने १५ टक्क्यांहून अधिक भरडधान्य असले की पुरे होते. ऑक्टोबर २०२३मध्ये जीएसटी परिषदेने पिठांवरचा कर कमी केला तेव्हा अट होती किमान ७० टक्क्यांची. या दोन आकड्यांमधल्या मोकळ्या जागेत बाजारातला बराचसा माल उभा आहे. समोर मोठ्या अक्षरात नाचणी आणि मागच्या बाजूला घटकांच्या यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, असे पाकीट शोधायला फार फिरावे लागत नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेत असा नियम आहे आणि गिऱ्हाईक आता ती यादी वाचू लागले आहे. एप्रिल २०२४मध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानांना दुधात घालायच्या गोड पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका असे बजावले, तेव्हा ही सावध नजर किती दूर पोचली आहे ते दिसले.

या काळात मला सर्वांत भरवशाचे उदाहरण सोलापूरकडे सापडते. तिथली कडक भाकरी कुठल्या प्रयोगशाळेतून आलेली नाही. ज्वारीचे पीठ उकळत्या पाण्याने मळायचे, भाकरी होईल तितकी पातळ करायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत तिच्यातला ओलावा पुरता घालवायचा. अशी भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. आमटीत चुरा, नाहीतर शेंगाचटणीबरोबर मोडून खा. बायकांच्या गटांनी तिला पिशवीत घालून गावाबाहेर पाठवले. तिच्यात मैदा नाही, टिकवण्यासाठी रसायन नाही आणि ती खायची कशी हे गिऱ्हाइकाला शिकवावे लागत नाही. मोड आणून, वाळवून, दळून, वस्त्रगाळ केलेले नाचणीसत्त्वही याच जातीचे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ही गोष्ट बाळंतिणीच्या खोलीत आकड्यावाचून माहीत होती. छोट्या उद्योजकाला भांडवलाची वाटही मोकळी झाली आहे. २०२०मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले आणि अनेक बचत गटांची पहिली यंत्रे त्यातून आली.

तरीही या मागोव्याची सर्वांत कडू बाजू शेतात आहे. २०२५-२६साठी नाचणीचा हमीभाव ४,८८६ रुपये आणि मालदांडी ज्वारीचा ३,७४९ रुपये झाला, पण राज्यातले ज्वारीचे क्षेत्र २० लाख हेक्टरांच्या आत उतरले आहे. रब्बी ज्वारी आजही पुष्कळ ठिकाणी हाताने उपटावी लागते, मजूर मिळत नाहीत, दाणा भरला की पाखरे राखावी लागतात. जनावरांसाठी कडबा लागतो म्हणून कितीतरी शेतकरी ती अजून पेरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; पण ते नाव छापलेले पीठ पुण्या-मुंबईच्या दुकानात सहज हाती लागत नाही. फळीवर ज्वारीची पाकिटे वाढत असताना ज्वारीचे रान आटत असेल, तर ही तेजी फार काळ पुरणार नाही.

म्हणून अन्नउद्योजकांना माझे सांगणे आहे: भरडधान्य किती टक्के, ते पाकिटाच्या पुढच्या बाजूला छापा. परदेशी न्याहारीची नक्कल करण्याआधी आपल्याकडची कडक भाकरी, आंबील, सत्त्व आणि भाजणी नीट टिकवायला शिका. आणि पेरणीआधीच शेतकरी गटाशी भावाचा करार करा, कापणी-मळणीच्या यंत्राला हातभार लावा. वाचकांनी एवढेच करावे, की पाकीट उलटून पाहावे आणि यादीत पहिले नाव ज्वारीचे, बाजरीचे किंवा नाचणीचे असेल तरच पैसे मोजावेत.