आवृत्तीचा आकडा आणि पेढीचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी ऐन तुरीच्या सुगीत आमच्या पेढीवर एक प्रसंग घडला. खतावणीच्या संगणक-प्रणालीची नवी आवृत्ती दिवाणजींनी रात्री चढविली. वजनकाट्याची प्रणाली मात्र जुनीच राहिली. दुसऱ्या दिवशी एका वृद्ध शेतकऱ्याने हिशेबपट्टी पाहून विचारले, “शेटजी, माझे 60 किलो कुठं गेले?” काट्यावर 12 क्विंटल 60 किलो, पट्टीवर नुसते 12! दशांश चिन्हापुढील आकडा नव्या खतावणीने गिळला होता. त्या दिवसाच्या साऱ्या पट्ट्या पुन्हा लिहिल्या, आणि जे शेतकरी गावी परतले होते त्यांच्या घरी माणूस धाडला.

तेव्हापासून मी आवृत्तीचा आकडा वाचू लागलो. जाणकारांत रूढ असलेल्या पद्धतीत त्याचे तीन भाग असतात. 4.2.1 यातील शेवटचा वाढला तर केवळ दुरुस्ती झाली. मधला वाढला तर नवी सोय आली, जुना व्यवहार अबाधित. पहिला वाढला तर जुना करार मोडला असे समजावे. आमची खतावणी 4 वरून 5 वर गेली होती. आकडा समोर होता, वाचला कोणीच नाही.

पायथन या संगणकभाषेची तिसरी आवृत्ती 2008 साली निघाली. दुसरीत 3 या पूर्णांकास 2 ने भागले की उत्तर 1 येई. तिसरीत दीड येते. तरी दुसरीची देखभाल 1 जानेवारी 2020 पर्यंत चालली. जुन्या गिऱ्हाइकास एवढी मुदत देणे मला सचोटीचे वाटते.

हल्ली नवी आवृत्ती आम्ही प्रथम जुन्या पावत्यांवर चालवून पाहतो, आणि तीही सुगी सरल्यावर.