पाय गरम, पाणी कोमट

दोन बादल्या घ्या. दोन्हींत 34 अंश सेल्सिअस तापमानाचे, घोट्याच्या वर येईल इतके पाणी. एकीत नुसते पाणी. दुसरीत आधी लिंबूसत्त्व विरघळवायचे आणि मग सुती फडक्याच्या घट्ट पुरचुंडीत खायचा सोडा बांधून ती तळाशी सोडायची. सोडा एकदम ओतला तर सगळा फेस वर येऊन उडून जातो. पुरचुंडीतून बारीक बुडबुडे सावकाश निघतात आणि वर येता येता पाण्यात विरघळतात. उजवा पाय साध्या पाण्यात, डावा सोड्याच्या.

दोनेक मिनिटांत डाव्या पायावरच्या लवेला बुडबुडे चिकटू लागतात. हाताने पुसले तरी पुन्हा येतात. मग हळूहळू तो पाय उबदार वाटू लागतो. उजवा मात्र कोमटच. थर्मामीटर दोन्हीकडे सारखाच आकडा दाखवतो, म्हणून मी तो पुन्हा पुन्हा बुडवून पाहिला. पंधरा मिनिटांनी पाय बाहेर काढले, तेव्हा डावा तळवा स्पष्ट गुलाबी झालेला होता. आपल्या सावळ्या कातडीवर पायाच्या वरच्या बाजूला हा रंग फारसा उठून दिसत नाही, पण तळव्यावर आणि नखांखाली लपत नाही. थोड्या वेळाने तो ओसरतो.

हा भास नाही. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे असतात. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो आणि तो स्निग्ध पदार्थांतही विरघळतो, त्यामुळे त्वचेतून आत शिरतो. आतल्या पाण्याशी मिळून त्याचे कार्बनिक आम्ल होते, भोवतालची आम्लता किंचित वाढते आणि सूक्ष्म रोहिण्यांच्या भिंतींमधले स्नायू सैल पडतात. रक्त जास्त येते. शिवाय डॅनिश शरीरशास्त्रज्ञ क्रिस्टियान बोर यांनी 1904 मध्ये दाखवून दिले होते की कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिन आपल्याजवळचा ऑक्सिजन अधिक सहज सोडून देते. म्हणजे रक्तही जास्त आणि त्यातून सुटणारा प्राणवायूही जास्त. उबेची जाणीव होते त्याला आणखी एक कारण आहे: हा वायू त्वचेतल्या थंडी टिपणाऱ्या संवेदकांना मंद करतो. म्हणूनच सोड्याचे पाणी साध्या पाण्यापेक्षा दोनेक अंशांनी अधिक गरम भासते. गंमत अशी की संपूर्ण अंघोळीत शरीर यामुळे तापत नाही. त्वचेतल्या वाहिन्या उघडतात, उष्णता बाहेर जाते आणि आतले तापमान किंचित उतरूही शकते.

युरोपातल्या डॉक्टरांना हे फार पूर्वी उपयोगाचे वाटले. जर्मनीत बाड नाउहाइम येथे मिठाच्या पाण्यासाठी घेतलेल्या आणि अर्धवट सोडून दिलेल्या एका विंधनविहिरीतून डिसेंबर 1846 मध्ये वायूने फसफसणारे खारे पाणी आपोआप उसळून वर आले. पुढे बेनेके आणि मग शॉट बंधू या वैद्यांनी तिथल्या स्नानांना हृदयरोगाचा उपचार म्हणून नाव मिळवून दिले. अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट लहानपणी इथे राहिले, कारण त्यांचे वडील हृदयाच्या दुखण्यासाठी या पाण्यात बसायला येत. त्या काळी हृदयावर दुसरा इलाज तरी काय होता? आज कोणी ब्लॉकेजवर उपाय म्हणून ही अंघोळ सुचवली तर ऐकू नये. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याने चालताना पोटऱ्या दुखणाऱ्या रुग्णांवर मात्र जर्मनी आणि फ्रान्समध्ये चाचण्या झाल्या. त्यांत त्वचेतला रक्तप्रवाह आणि ऑक्सिजन वाढलेला मोजला गेला, काहींत चालण्याचे अंतरही वाढलेले दिसले. अभ्यास लहान आहेत, पण दिशा खरी वाटते.

आता घरच्या प्रयोगाकडे वळू, कारण इथे हिशेब केल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. जपानमध्ये ज्या नैसर्गिक झऱ्याच्या पाण्यात किलोमागे 1000 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो, त्याला उपचाराचे कार्बोनेटेड पाणी म्हणतात. पण 34 अंशांच्या पाण्यात, वर निव्वळ हाच वायू भरलेला असला तरी, लिटरमागे जेमतेम 1100 मिलिग्रॅम मावतो. म्हणजे असे पाणी जवळजवळ काठोकाठ भरलेले असते आणि उघड्यावर आले की आपला वायू सोडू लागते. काओ या जपानी कंपनीने 1983 मध्ये घरच्या टबात टाकायची फसफसणारी वडी आणली. मात्र पन्नासेक ग्रॅमच्या वडीने दीडशे लिटर पाण्यात लिटरमागे फार तर शंभर मिलिग्रॅमच्या आसपास जाता येते. मग उत्साही माणूस डबाभर सोडा ओततो. एक किलो सोडा आणि त्याला पुरेसे लिंबूसत्त्व यांच्यापासून सुमारे 520 ग्रॅम वायू होतो, म्हणजे सुमारे 300 लिटर.

सहा फूट बाय पाच फूट, आठ फूट उंचीची न्हाणी म्हणजे 6800 लिटर हवा. तो वायू सगळा खोलीत आला तर प्रमाण चार टक्क्यांच्या वर जाते. कामाच्या जागी आठ तासांची सरासरी मर्यादा अर्धा टक्का मानतात आणि चार टक्के म्हणजे जिवाला तात्काळ धोका. त्यात हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. तो सारखा पसरण्याआधी टबाच्या काठाशी, पाण्यालगत साचतो, आणि माणसाचे नाक तिथेच असते. फेब्रुवारी 2020 मध्ये मॉस्कोत एका पार्टीत धुक्यासाठी पोहण्याच्या तलावात कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला हाच वायू, ओतला गेला आणि तीन जण दगावले. आपल्याकडे जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेली माणसे गुदमरल्याच्या बातम्या येतात, तिथेही तळाशी साचणारा हाच वायू असू शकतो.

गॅस गिझरच्या बातम्यांतला वायू वेगळा, कार्बन मोनॉक्साइड. तो अनेकदा काही कळायच्या आत मारतो. कार्बन डायऑक्साइड निदान धाप लावतो, डोके दुखवतो, पण प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेले तर हे इशारे कळायलाही वेळ उरत नाही. मेणबत्ती विझते का ते पाहू, असे कोणी म्हटले तर त्यावर भरवसा ठेवू नये. ती विझण्याआधीच माणूस अडचणीत येतो.

म्हणून मी प्रयोग बादलीपुरताच ठेवते. दहा लिटर पाण्याला 40 ग्रॅम सोडा आणि तितकेच लिंबूसत्त्व. आम्ल सोडा संपवायला लागते त्यापेक्षा थोडे जास्तच हवे, नाही तर वायू बायकार्बोनेट होऊन पाण्यातच अडकतो. नुसत्या सोड्याच्या पाण्याने तर काहीच होत नाही. इतक्या मिश्रणातून वीसेक ग्रॅम वायू निघतो, आणि तोही न्हाणीत नव्हे, गॅलरीत किंवा खिडकी उघडी ठेवून. परिणाम मुळात स्थानिक आहे, तेव्हा पायाला मिळायचे ते पायाला एवढ्यातही मिळते.

मधुमेह असलेल्या आईवडिलांसाठी हे करावे असे मनात येणे साहजिक आहे, कारण त्यांचेच पाय गार पडतात. पण त्यांच्या पायांची संवेदना बरेचदा बोथट झालेली असते. पाणी चटके देण्याइतके गरम असले तरी त्यांना कळत नाही आणि बोटांच्या बेचक्यातली भेग दिसत नाही. आधी तळवे उजेडात नीट पाहा. जखम, फोड, काळपट डाग यांपैकी काहीही असेल तर बादली बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. पाय धड असतील तरी त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच, थर्मामीटरने मोजलेल्या 34 अंशांच्या पाण्यात, दहा मिनिटे. नंतर बोटांमधली जागा टॉवेलने कोरडी करायची.